पाठमोरा

४ ऑगस्ट

आज पण युवराज मधल्या सुट्टीतच घरी गेला. हजेरीला त्याचं नाव आलं की मागच्या बाकावरून टाळी पडते. तसली टाळी — तळहात आडवे करून मारलेली. सर वर बघेपर्यंत सगळे साधू होऊन बसलेले.

धरणावरच्या त्या संध्याकाळपासून हे सुरू झालं. कुणीतरी त्याला एका मुलाचा हात धरून बसलेलं पाहिलं. युवराजचं तोंड दिसलं. दुसरा पाठमोरा होता. मग गावभर एकच खेळ — दुसरा कोण? हेडसरांनी त्याच्या वडिलांना, गोरोबाकाकांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोरच विचारलं. युवराज म्हणाला, "मला ठावं न्हाय." शेजारी कोण बसलं होतं ते माहीत नाही म्हणे! खोटंसुद्धा धड बोलता येत नाही त्याला.

ती पाठ माझी होती.

८ ऑगस्ट

उम्मेहानी पेटलीय. आमच्या दहावीच्या वर्गाची मॉनिटर, तिच्यापुढं सरांचंही चालत नाही. म्हणाली, "सर काय शिकवायचे न्हाईत. आपुनच शिकवू." परिपाठात रोज 'आजचा शब्द' असतो. काल 'पर्जन्यमापक' होता. तिला तिथं 'समलिंगी' घ्यायचाय, आणि मग आठवी-नववीच्या वर्गांत जाऊन बोलायचंय.

हेडसर म्हणाले, कार्यक्रम करा, पण तो शब्द नको, 'वेगळी मुलं' म्हणा. ती म्हणाली, "सर, शिवी देताना शब्द चालतो, समजावून सांगताना चालत न्हाय व्हय?" सर बराच वेळ चष्मा पुसत बसले. शेवटी हो म्हणाले.

मला पण गटात घेतलंय. मी कबड्डीचा कॅप्टन, पोरं माझं ऐकतात म्हणून. तिला बाकी काही माहीत नाही.

११ ऑगस्ट

उम्मेहानीच्या घरी तालीम. तिच्या अम्मीनं, हमिदाबींनी, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला केला होता. मी दोनदा घेतला.

तिनं एक नियम केलाय. वर्गात कुणीतरी विचारणारच — तुमी पण तसलेच का? तेव्हा नाही म्हणायचं नाही. चिडायचंही नाही. सगळ्यांनी एकच म्हणायचं, "असलो तर काय?" म्हणजे युवराज एकटा पडत नाही. गटातली शिवांजली आधी लाजली, मग हसली, मग एवढ्या जोरात म्हणाली की हमिदाबी आतून बघायला आल्या. माझी पाळी आली तर आधी दाराकडं पाहिलं. पण म्हणालो. घरातल्या घरात म्हणायला काय जातं.

२१ ऑगस्ट

युवराज दिसला की नववी ब मधून पडायची ती टाळी बंद! उम्मेहानीनं सगळ्यांना पेरू दिले.

२ सप्टेंबर

आज आठवीत एका मुलीनं हात वर केला. चेष्टा नव्हती, खरंच काळजीनं विचारत होती. "मंग ते बरं कधी हुतं?" उम्मेहानीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "आजार न्हाय तो. बरं काय व्हायचं त्यात?" बोललो मी आणि ऐकलंही मीच. पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर आलो.

नळाला युवराज उभा होता. हल्ली शेवटच्या तासापर्यंत थांबतो. मला पाहिलं आणि बाटली अर्धीच भरून निघून गेला. आधी वाटायचं, रागावलाय. आता कळतं — माझ्याजवळ उभा राहिला तर लोक माझी पाठ ओळखतील, म्हणून जातो. त्याचं असं जाणं मला बरं वाटतं. किती हलकट आहे मी.

त्याची फार आठवण येते. रोज समोर दिसतो तरी येते.

१७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनाला सगळं गाव. हेडसर खूश होते आमच्यावर, म्हणाले, गावासमोर पण बोला पाच मिनिटं.

उम्मेहानी छान बोलली. मग खुर्च्यांमधून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "व्हय रं पोरांनो, तुमच्यातलं कोण कोण हाय तसलं?" लोक हसले. तिनं शांतपणे म्हटलं, "असले तर काय?" माईक शिवांजलीकडं. तिनंही म्हटलं. दोघींच्या बाबतीत ते खरं नाही, तरी बिनधास्त म्हणाल्या.

मग माईक माझ्या हातात. पहिल्या रांगेत माझे वडील, अण्णा बसलेले, हाताची घडी घालून, माझ्याकडं बघत.

"मी तसला न्हाय."

माईक फार चांगला होता. एसटी थांब्यापर्यंत ऐकू गेलं असेल. अण्णांनी घडी सोडली आणि शेजारच्याशी बोलायला लागले. युवराज दहावीच्या रांगेत होता, इस्त्रीचा गणवेश घालून आला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

मागून टाळी पडली. सर्वांदेखत. कुणी अडवलं नाही.

१८ सप्टेंबर

युवराज आला नाही.

२० सप्टेंबर

उम्मेहानी भांडेल वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "घाबरलास ना? हुतं तसं. अण्णा समोर हुते तुझे." मग माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी मान खाली घालून पट्टीनं बाक खरवडत बसलो.

२४ सप्टेंबर

त्याचा दाखला काढला. उमरग्याला मामाकडं पाठवलंय. हायवेला मामाचं दुकान आहे, ट्रकच्या सीटा शिवतात, तिथं बसणार. दहावी बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून. शिवांजलीनं सांगितलं. मी "बरं" म्हणालो. "बरं"!

शाळा सुटल्यावर धरणावर गेलो. बसवलं नाही. रडत रडत सायकल हातात धरून परत आलो. अण्णांनी विचारलं तर पंक्चर झाली म्हणालो. त्यांनी दोन्ही टायर दाबून पाहिले, हवा होती.

त्याला एकट्याला सगळं सोसायला लावलं मी. माझं त्याच्यावर प्रेम आहे आणि मी असं केलं.

२८ सप्टेंबर

गोरोबाकाका भेटले, थांब्यावर. उमरग्याच्या गाडीची वाट बघत होते, हातात डबा. मला बोलावून शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, "येवढं झालं, पर पोरानं दुसऱ्याचं नाव काडलं न्हाय. तू त्याचा दोस्त. तुला ठावं आसंल तर सांग. भांडायचं न्हाय मला. पोरगं जेवत न्हाय, येवढंच सांगायचंय त्याला."

मी म्हणालो, "काका, मीच."

गाडी आली. काका उठले नाहीत. डबा मांडीवर घेऊन म्हणाले, "आन तू रं? तू जेवतूस का?"