दोन झाकलेल्या वाट्या

शनिवार, संध्याकाळ. मुलुंड

आज ताईचं डोहाळजेवण. झाकलेल्या दोन वाट्यांतली तिने एक उघडली, पेढा निघाला. मुलगाच होणार म्हणून सगळ्या हसल्या. तिच्या हृदयाची झडप कमजोर आहे, बाळंतपण जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलंय. आईलाही माहितीये. तरी...

मादीने पिल्लं जन्माला घालायची की स्वतः जगायचं, उत्क्रांतीत काय फायद्याचं, याची समीकरणं मांडणं हे माझं काम. त्यात पिल्लू जगलं की मेलेली मादीसुद्धा यशस्वी ठरते. कालपर्यंत हे मला सुंदर कसं वाटायचं?

ताईने हळूच विचारलं, "तुझ्या गणितात माझं काय होतं गं?"

"जगतेस," म्हटलं. खोटं.

वाट्या अजून ओट्यावरच आहेत. दोन्ही बाळाच्या. ताईची वाटी कोणी मांडलीच नाही. मीसुद्धा नाही.