बिनउंबरठ्याचं दार

२ डिसेंबर

इंदिरानगरच्या घरात आजचा माझा पहिला पूर्ण दिवस. चौतिसाव्या वर्षी लग्न, तेही बिजवराशी, म्हणून घोटीच्या मावश्यांनी केवढी नाकं मुरडली होती! आता येऊन बघा म्हणावं. छान रो-हाउस आहे, ओट्यावर सकाळचं ऊन येतं, आणि शेखर स्वतःच्या हाताने चहा करतो. सासूबाई कमी बोलतात, पण माझ्या भातावर तूप सढळ हाताने वाढतात. शेखरची पहिली बायको सविता तीन वर्षांपूर्वी दम्याने गेली. तिचा फोटो घरात कुठेच नाही. मी विचारलं नाही. आल्या आल्या कशाला?

खोट एकच, मागची खोली. पलीकडे अंगण आहे, पेरू आहे, कढीपत्ता आहे, आणि मधे ही आंधळी भिंत. साधी खिडकीसुद्धा नाही. भिंतीत दाराएवढा एक पट्टा नव्या गिलाव्याचा दिसतो. इथे पूर्वी दार होतं का, असं विचारलं, तर मायलेक एका सुरात नाही म्हणाले. मग मी ठरवूनच टाकलं. इथे काचेचं दार करायचं.

५ डिसेंबर

शेखर दोन दिवस गाल फुगवून होता. मीही हट्टाला पेटले. शेवटी ‘कर काय ते’ म्हणाला.

काचेची दारं-खिडक्या बनवणाऱ्या धनराजभाऊंच्या वर्कशॉपमध्ये जाऊन आले. त्यांनी दोन प्रकार दाखवले, सरकतं आणि फ्रेंच. सरकत्या दाराला जागा कमी लागते, काच मोठी बसते, खालचा रूळ फरशीत गाडला की पायाला काही लागत नाही. पण एका वेळी अर्धंच उघडतं. फ्रेंच डोअर म्हणजे बिजागरीवरच्या दोन काचेच्या झडपा. दोन्ही ढकलल्या की सगळं अंगण घरात. वाऱ्याने आपटतात मात्र, आणि त्याला पक्की चौकट, उंबरठा लागतो. मला आपलं फ्रेंचच आवडलं. दोन्ही हातांनी दार उघडून उन्हात उभं राहायचं, एवढीच हौस.

नवल म्हणजे सासूबाई माझ्या बाजूने! करायचंच असेल तर उंबरठ्याचं कर, म्हणाल्या, लाकडी आणि उंच. सरकतं दार अजिबात नको. सासू-सुनेचं एकमत झालं, पेढे वाटायला हवेत.

१० डिसेंबर

भिंत फोडली. गवंडी म्हणाला, विटा नुसत्या रचल्यासारख्या होत्या, कोणीतरी घाईत बांधलंय. दार तयार होईपर्यंत जाड प्लास्टिक लावून घेतलंय.

दुपारी तिथे बसून मटार सोलत होते. प्लास्टिक आत ओढलं जायचं, मग बाहेर फुगायचं. पुन्हा आत. पेरूचं पान हलत नव्हतं. आत ओढताना एक बारीक शीळ येत होती. मटार तसेच टाकून मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी आधी गॅस बंद केला.

मग बोलल्या. सविता पंचकात गेली. पंचकात गेलेलं माणूस घरातल्यांना मागोमाग नेतं, आणि पुढच्या दाराने नेलं तर त्याच वाटेने परत येतं. म्हणून तिला भिंत फोडून मागून काढली आणि रात्रीच्या आत भिंत बुजवली. सरणावर शेखरच्या आणि त्यांच्या नावाची कणकेची एकेक बाहुली ठेवली. माणसांऐवजी बाहुल्या ने, एवढ्यासाठी. आता वाट उघडलीच आहे, तर निदान उंबरठा हवा. तो तिला ओलांडता यायचा नाही.

मी हसले. हसू तोंडावरच राहिलं.

१३ डिसेंबर

शेजारच्या अक्काबाईंकडे विरजण मागायला गेले होते. विरजणाबरोबर जे मिळालं ते गिळवत नाही.

सविता नुसती दम्याने नाही गेली. भांडण झालं म्हणून शेखरने तिला मागच्या खोलीत घालून कडी लावली. तिचा दम्याचा पंप बाहेर राहिला. अक्काबाई म्हणाल्या, लय ठोकलं गं तिनं, मंग हळूहळू ठोकलं, मंग नाय. तोवर त्यानं टीव्ही मोठा केला हुता. सासूबाई घरातच होत्या.

त्या खोलीच्या दाराला कडी बाहेरूनच का, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

संध्याकाळी शेखरला सरळ विचारलं. त्याने चहाचा कप ठेवला आणि हसला. सविताला नाटकं करायची सवय होती म्हणाला. तूही जास्त बोललीस तर कडी अजून शाबूत आहे, म्हणाला. लाडात बोलावं तसं.

१५ डिसेंबर

घोटीला जाता येईल. बस आहे, आई आहे. पण मी गेले की हा तिसरी आणेल. तिलाही स्वतः चहा करून देईल. संताप संताप होतो. त्याच्या हाताचं पाणीसुद्धा नको वाटतं.

सासूबाई लग्नासाठी येवल्याला गेल्यात. मी धनराजभाऊंना फोन केला. फ्रेंच रद्द. सरकतं करा. रूळ फरशीच्या आत गाडा. उंबरठा नको, बोटभरसुद्धा नको.

सविता, तुझी वाट मी मोकळी करते. तो इथेच आहे. ये.

२० डिसेंबर

दार बसलं. एका बोटाने सरकतं.

सकाळी काचेवर वाफ होती, तोंडाच्या उंचीवर, वाटीएवढी. बाहेरून. पुसली, पुन्हा आली. मग दार आपणहून सरकलं, अगदी हलकं. गार हवा पायांवरून आत गेली. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं, खरं सांगते. बैठकीकडे बोट दाखवून म्हटलं, तो तिकडे आहे.

२१ डिसेंबर

शेखर ठणठणीत. दोन पोळ्या जास्त जेवला.

मला रात्रभर खोकला.

२३ डिसेंबर

जिना चढवत नाही. छातीत शीळ वाजते — तीच, प्लास्टिकमधली. मला कधीच दमा नव्हता. डॉक्टर म्हणतात थंडी.

वाफ आता काचेच्या आतून येते.

आज सासूबाई परतल्या. जमिनीशी सपाट दार बघून कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता लेकासाठी रडतील. त्यांनी शेखरकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, आमच्या बाहुल्या तिनं नेल्या गं. आमचं देणं फिटलं. तू तेव्हा या घरात नव्हतीस.

तुझी बाहुली कोणी केलीच नाही.

२४ डिसेंबर

घोटीला निघत होते. पिशवी भरली होती. शेखर म्हणाला, लोक काय म्हणतील — हात धरून इथे आणलं — कडी —

काचेचं दार आहे ना. एका बोटाने सरकतं. सरकत नाही. दोन्ही हातांनी — नाही. खुर्ची मारली. काच तशीच.

बाहेर ऊन आहे. पेरू दिसतो.

ठोकतेय. सासूबाई पलीकडे आहेत, बांगड्या वाजतात. कडी काढत नाहीत.

सविता, अगं मी तुझ्या बाजूची. तुझ्यासाठीच तर — तो तिकडे, तिकडे —

टीव्ही मोठा केला त्याने.

काचेवर वाफ. माझी नाही. मला श्वासच कुठे —