हात मागे

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त कागदावरच मानून घे). तुझं पत्र पोचलं. तुझे गुडघे, काकांचा रक्तदाब आणि शेजारणीचा तो भुंकणारा कुत्रा, सगळ्यांची खुशाली कळली. काकांना झटका येऊन वर्ष झालं तरी तू अजून त्यांना स्वतःच्या हाताने भरवतेस, इकडची काडी तिकडे करू देत नाहीस, हेही वाचलं. त्याबद्दल पुढे लिहितो. शेवटी तू विचारलंस की मी या रुग्णालयात नेमकं करतो तरी काय, पेशंटना मालिश का? आत्या, चार वर्षं हाच प्रश्न ऐकतो आहे. बाबा लोकांना सांगतात, पोरगा डॉक्टरकीच्या जवळपासचं काहीतरी शिकतो. तर ऐक. अर्धांगवायू झालेल्या माणसाला फिजिओवाले चालायला शिकवतात. तो चालत जाऊन पुढे काय करणार, ते आमच्याकडे. शर्ट घालणं, दात घासणं, चहा करणं. म्हणजे जे तू मला दहावीपर्यंत करू दिलं नाहीस, ते सगळं मी आता लोकांना शिकवतो.

आमच्या वॉर्डच्या मॅडमना विद्यार्थ्यांनी 'हात मागे' असं नाव ठेवलंय, कारण दिवसातून चाळीस वेळा त्या तेवढंच बोलतात. पेशंट बटण लावायला धडपडत असला की आपण हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. तो घामाघूम झाला तरी उभं राहायचं. बोट लावलं की त्याच्या कागदावर 'मदत लागते' असं लिहावं लागतं आणि त्याची दहा मिनिटांची मेहनत पाण्यात. पहिल्याच दिवशी एका आजोबांचं वरचं बटण वीस मिनिटं काजाशी भांडत होतं. माझे हात शिवशिवायला लागले. मी पुढे झालो आणि लावून टाकलं. आजोबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या तोंडचा घास पळवलाय. मॅडमनी ते बटण पुन्हा सोडलं आणि मला सगळ्यांसमोर एका हाताने शर्ट घालायला लावला. (लुळा हात आधी बाहीत, चांगला नंतर. मी उलटं केलं आणि बाहीत कोपर अडकवून पाच मिनिटं गोल फिरत राहिलो.) सगळा वॉर्ड हसला. सर्वांत जास्त हसले टेलर मास्तर.

हे मास्तर म्हणजे पन्नास वर्षं शर्ट शिवलेला माणूस. त्यांना झटका आल्यापासून डावा हात लुळा पडला तो पडलाच, पण त्यांच्या जगाची डावी बाजूच गायब झाली. डोळे ठणठणीत. फक्त डावीकडे काही असू शकतं, हे डोक्यातून पुसलं गेलेलं. ताटातलं उजवीकडचं जेवायचे आणि इथे अर्धपोटी ठेवतात म्हणून तक्रार करायचे. ताट फिरवून ठेवलं की म्हणायचे, आता कसं नीट वाढलंत. दाढी अर्धीच करायचे आणि आरशात बघून खूश व्हायचे. हे सगळं मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा पोट धरून हसले. मग मी त्यांना मुलीचं सांगितलं. मास्तरांची मुलगी नोकरी सांभाळून रोज यायची आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायची. ती खुर्ची डावीकडे. एके दिवशी मास्तर तिच्या देखत मला म्हणाले, "पोरगी काही फिरकत नाही हो." ती तिथेच रडायला लागली. मी तिला उठवून उजवीकडे बसवलं तर म्हणतात कसे, "आलीस का? किती दिवसांनी!" यावर बाबा हसले नाहीत.

मास्तरांना एकच हवं होतं. दुकानाच्या वरच्या आपल्या खोलीत, आपल्या शिलाई मशीनशेजारी परत जायचं. मुलगी म्हणत होती, माझ्याकडे चला. पण तिच्याकडे जागा म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटेतली एक खाट. मॅडमनी तोडगा काढला की मास्तरांनी वॉर्डच्या स्वयंपाकघरात कोणाच्याही मदतीशिवाय स्वतःचा चहा करून दाखवला तर घर, नाहीतर खाट. त्यासाठी तीन आठवडे तयारी चालली. ओट्याच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावलेली. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मग त्या बाजूच्या वस्तू घ्यायच्या. मॅडम साखर, चहापत्ती मुद्दाम डावीकडेच ठेवणार आणि मास्तर उजवीकडे शोधशोध शोधून शेवटी बिनसाखरेचं काळं पाणी पिणार. मला हा निव्वळ छळ वाटायचा. आजही वाटतो. (थोडा.)

चाचणीच्या दिवशी मी पहाटेच आंघोळबिंघोळ करून हजर. ओटा मीच लावला. मॅडम हात मागे, मी हात मागे, मुलगी दाराशी ओढणी चावत. आणि मास्तरांनी चहा केला ग आत्या! पाणी, पत्ती, साखर, दूध, गॅस बंद, गाळणी, कप. एक चूक नाही. वर मॅडमनाच अर्धा कप देऊन विचारलं, साखर बरोबर आहे ना? मॅडमसुद्धा हसल्या. त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले. मुलीने टाळ्या वाजवल्या. शुक्रवारी मास्तर घरी गेले.

नवव्या दिवशी मॅडम आणि मी त्यांच्या घरी पाहणीला गेलो. खोली लख्ख होती, मशीनवर फूलबीलही ठेवलं होतं. मास्तरांनी हौसेने आत नेलं. त्यांचा डावा तळहात पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. आदल्या दिवशी सकाळी मुलीने कामावर जाता जाता डोकावून डाव्या शेगडीवर आंघोळीचं पाणी तापत ठेवलं होतं आणि तसं सांगूनही गेली होती. मास्तरांनी उजव्या शेगडीवर चहा टाकला आणि डावा हात त्या तापल्या पातेल्याला टेकून निवांत उभे राहिले. हाताला जाणीव नाही आणि डावीकडे पातेलं आहे हे त्यांच्या लेखी खरंच नव्हतं. वास आला म्हणून दूध करपलं का ते बघितलं, म्हणाले. मग माझी समजूत काढायला हसत म्हणाले, "बरं झालं, बिनकामाचाच हात भाजला." मी खिडकीकडे तोंड केलं.

त्याच आठवड्यात त्यांना मुलीकडे हलवलं. मशीन दुकानातच राहिलं, चादर टाकून. आणि इकडे माझी वरात निघाली. मॅडमनी केबिनमध्ये बोलावून एकच विचारलं, चाचणीचा ओटा कोणी लावला होता? म्हटलं, मी. बस. एवढ्यावरून नापास! वॉर्डचे सहा आठवडे पुन्हा. सांग, ओटा लावणं हा काय गुन्हा आहे? ज्या बाईच्या काळजाच्या जागी गुणपत्रिका आहे, तिच्याकडून न्याय कसला मिळणार? बाबांना अजून काही बोललो नाही. ते तुझं ऐकतात. तेव्हा तू त्यांना तुझ्या पद्धतीने सांग की पोराचा काही दोष नाही, वरची बाईच खवट निघाली. एवढं कर.

काकांना नमस्कार.

तुझा लाडका भाचा
(लाडका म्हणूनच असा झालेला)

ता. क. वरचं पत्र काल लिहिलं. आज टाकायला निघालो आणि परत आलो. ओट्याचं खरं सांगतो. मॅडम कागद आणायला गेल्या तेवढ्यात मी साखर, पत्ती, कप, सगळं लाल पट्टीपासून उचलून उजवीकडे रांगेत मांडलं. मास्तरांना एकदाही मान वळवावी लागली नाही, आणि मागे उभ्या मॅडमना त्यांच्या पाठीआड ओटा दिसला नाही. ती चाचणी त्यांनी दिलीच नाही, मी दिली. मला वाटलं मी त्यांना घरी पाठवतोय. खरं म्हणजे त्यांचं ते चाचपडणं मला बघवत नव्हतं, एवढंच. हे मी मॅडमना त्याच दिवशी केबिनमध्ये सांगून टाकलं होतं. त्या ओरडल्या नाहीत (ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं). घरी कोणाला झटका आलाय का, विचारलं. काकांचं सांगितलं. भरवतं कोण? म्हटलं, आत्या. आणि तुम्ही तिथे जाता तेव्हा काय करता?

ता. क. २. उत्तर असं की मी कौतुक करतो. मागच्या खेपेला काकांनी चमचा उचलला होता, आत्या. ताटापासून चार बोटं वर. मी पाहिला, तूही पाहिलास. सांडेल म्हणून तू हातातून घेतलास आणि मी म्हटलं, आत्या, तुझ्यासारखं कोणी करणार नाही. काकांनी हात मांडीवर ठेवला तो मी निघेपर्यंत हलवला नाही. तो हात गेलेला नव्हता ग. तो आपण दोघांनी प्रेमाने घालवत आणलाय. रागाव माझ्यावर, पण ऐक. बाबांना काही सांगू नकोस, मी स्वतःच सांगतो. माझे सहा आठवडे सुरू व्हायला दहा दिवस आहेत, तेवढे दिवस तुझ्याकडे येतो. जेवायला काका मध्ये, तू एका बाजूला, मी एका बाजूला, आणि आपण दोघांनी हात मागे. सांडलेलं मी पुसेन. (ते जेवण संपल्यावर.)

ता. क. ३. सोबत काकांच्या नावाचं छोटं बंद पाकीट आहे. कडा मुद्दाम घट्ट चिकटवल्या आहेत. ते त्यांच्या मांडीवर ठेव आणि बाजूला हो. अर्धा तास लागेल, पाऊण लागेल. आत काय आहे ते तुला सांगत नाही, नाहीतर तू त्यांना सांगून टाकशील.