तेरा वितींचा पडदा

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन का करत नाही म्हणून रागावली आहेस ते कळलं. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं आणि सांगायचं तेच राहून जातं. म्हणून लिहायला बसले.

संस्थेच्या बाई परवा घर बघून गेल्या. चांगल्या वाटल्या. स्वयंपाकघरात डोकावल्या, खाली ह्यांच्या, म्हणजे आमच्या घड्याळजींच्या, दुकानात जाऊन आल्या, आणि भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम वाजायला लागली तेव्हा हसल्यासुद्धा. मुलीचा फोटो दाखवला. सहा वर्षांची आहे. कपाळावर केस, ओठ घट्ट मिटलेले. पुढच्या महिन्यात ती पंधरा दिवस आमच्याकडे राहायला येईल. रुळली तर दत्तकाचे कागद पुढे सरकतील. ताई, याआधी ती एका घरी गेली होती. तिथे दिवसभर कपाटामागे, नाहीतर खाटेखाली लपून बसायची. कुणाशी बोलायची नाही. शेवटी त्या लोकांनी हात टेकले आणि तिला परत आणून सोडलं. आमच्याकडून तसं झालं तर, याच्या पुढचं लिहवत नाही.

तिची खोली अगदी उघडीबोडकी आहे. एक खाट आणि एक खिडकी. खिडकी थेट जमिनीपासून वरपर्यंत, आणि समोर दातांचे डॉक्टर. त्यांच्या खुर्चीतला प्रत्येक पेशंट तोंड उघडून आमच्याकडेच बघत असतो. दुकानातले तयार पडदे बघायला गेलो होतो, किंमत वाचून दोघंही पाय न वाजवता बाहेर आलो. तुझ्या शेजारचा सोफेवाला अजून कापडाचे जुने नमुने टाकून देतो का? दिले तर तुझ्या हातून एक पडदा होईल का?

माप कळवते. वरून खाली तेरा वीत. घड्याळजी पट्टी घेऊन मागे लागले होते. मी सांगितलं की आमच्या आईने जन्मभर वितीने मोजून शिवलं, ताईला दुसरी भाषा कळत नाही.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, या दिवसांत तो जरा जास्त लागेल.

तुझी,
चिमणी


१६ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि तशीच चपला घालून सोफेवाल्याकडे गेले. तो म्हणाला की बरं झालं आलात, नाहीतर उद्या कचऱ्याच्या गाडीत जाणार होतं सगळं. दोन पोती भरून नमुन्यांची पुस्तकं दिलीन. प्रत्येक तुकडा पुस्तकाच्या पानाएवढा, कडा दातेरी, आणि पाठीवर चिकटवलेला कागद. तो कागद काही केल्या निघेना, म्हणून सगळे तुकडे कोमट पाण्यात भिजत घातले. घरातल्या दोन्ही बादल्या अडकल्या. भावोजी तांब्याने आंघोळ करताहेत आणि म्हणताहेत की लग्नात नवरीच्या मागून शिवणाचं मशीन उतरलं तेव्हाच आपण सावध व्हायला हवं होतं.

अस्तरासाठी कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या बाद चादरी मिळाल्या. चादर मध्ये विरते, कडेने धड असते. मधला भाग काढून कडा कडांना जोडल्या की झालं. जड तुकडे खाली घेतलेत, हलके वर, म्हणजे पडदा नीट पडेल. रंग मात्र कुणाचा कुणाला लागत नाही. आपल्या शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर आज असत्या तर हे बघून त्यांनी गळ्यातला क्रॉस हातात धरला असता. आठवतं का, वाकडी टीप दिसली की त्या अख्खी शिवण उसवायला लावायच्या आणि वर म्हणायच्या की देवाला सगळं दिसतं? आई ऐकून म्हणायची, दिसू दे, त्याला कुठे पांघरायचंय.

ती मुलगी येण्याआधी पार्सल पोचेल. काळजी करू नकोस असं म्हणणार नाही, तू करणारच. निदान जेवून कर.

घड्याळजींना आशीर्वाद. पत्राला उत्तर वेळेवर दे, घरात एवढी घड्याळं आहेत.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पडदा पोचला. उघडून आधी खाटेवर पसरून बघितला. एवढं सुंदर काही आमच्या घरात नव्हतं. मग तो टांगला आणि घड्याळजी हसत सुटले. हातभर पडदा जमिनीवर लोळतोय! मी माझी वीत लावली तर तेराच्या वर कितीतरी. तेव्हा उजेड पडला. मी मोजलं माझ्या वितीने, तू शिवलंस तुझ्या वितीने, आणि तुझा पंजा म्हणजे सूप. घड्याळजी म्हणाले की ज्या घरात केसाएवढ्या स्क्रूवर पोट चालतं त्या घराची खिडकी वितीने मोजली, हे गिऱ्हाइकांना कळू देऊ नकोस.

खालून कापून दुमडणार होते, पण कात्री धार लावायला दिलेली. ती यायच्या आधी मुलगी आली.

ताई, ती पडद्यामागे जाऊन बसली आहे. काच आणि पडदा यांच्यामध्ये. पडदा एवढा लांब की पायही दिसत नाहीत. जेवायला बाहेर येते, खाली मान घालून जेवते, पुन्हा आत. एक शब्द बोललेली नाही. पडदा आखूड असता तर निदान पायांची बोटं तरी दिसली असती. कात्री उद्या मिळेल. कापून टाकू का? म्हणजे लपायला जागाच राहणार नाही. संस्थेच्या बाई पंधराव्या दिवशी येणार, आणि तिला अशीच बघून परत नेणार, हे मला डोळ्यांसमोर दिसतंय. कामावर लक्ष लागत नाही.

आणखी एक. आई प्रत्येक पत्राच्या शेवटी लहानांस आशीर्वाद असं लिहायची. तूही सगळ्यांना लिहितेस. माझ्या पत्रात मात्र गेली कित्येक वर्षं ती ओळ नसते. मला लागू नये म्हणून गाळतेस, ठाऊक आहे मला. या वेळी लिही म्हणणार होते. पण नको, थांब.

तुझ्या मायेवर टेकून आहे.

तुझी,
चिमणी


९ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

पडदा लांब झाला हा दोष माझा नाही, तुझ्या हाताचा आहे. बाहुलीचे हात घेऊन कुणी खिडक्या मोजत नाही. हे झालं भांडण. आता ऐक.

कात्री कपाटात ठेव आणि कपाटाला कुलूप लाव.

तू स्वतः काय करायचीस ते विसरलीस? आईच्या मशीनखाली, पायडलच्या शेजारी, पाय पोटाशी घेऊन बसायचीस. पाहुणे आले की हटकून. आत्या म्हणायची की मुलगी आहे की मांजर, ओढून काढा तिला. आईने कधी ओढलं नाही. ती शिवता शिवता वरून एखादी चिंधी खाली सोडायची. बघायची नाही, बोलायची नाही. तू चिंध्या गोळा करत राहायचीस आणि मग आपण होऊन बाहेर यायचीस, कारण तुला सुई हवी असायची.

म्हणून उरलेले सगळे तुकडे सोबत पाठवते. पडद्याच्या अलीकडे जमिनीवर बस आणि उशांचे अभ्रे शिव. घड्याळजींना सांग, डोकावून बघायचं नाही.

त्यांना आशीर्वाद. तू सांगितल्याप्रमाणे थांबले आहे.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्यांदा हे सांगते की सगळं ठीक आहे. आता सावकाश वाच.

तुझ्या सांगण्याप्रमाणे बसले. एक तपकिरी तुकडा पडद्याखालून आत सरकवला. थोड्या वेळाने तो तसाच बाहेर आला. मग निळा सरकवला, तो आत राहिला. पुन्हा तपकिरी दिला, पुन्हा बाहेर! ताई, ती नापसंत करत होती. मी तोंडात पदर कोंबून हसले. दुसऱ्या दिवशी नुसता हात बाहेर आला, तळवा वर करून, आणखी निळं हवं म्हणून. मग एकदा मला सुईत दोरा ओवता येईना, चष्मा लावूनही. अभ्र्याच्या कापडात सुई टोचून दोऱ्यासकट कापड आत सरकवलं. सुई ओवून परत आली, दोऱ्याला गाठसुद्धा मारलेली. त्यानंतर माझ्या सगळ्या सुया आतूनच ओवून यायला लागल्या. पण शब्द नाही.

मग बाई आल्या. मी चहा ठेवायचा तर साखरेऐवजी मीठ घेऊन उभी. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की छान आहे, पण फार लांब झालाय, कुणीतरी अडखळून पडेल, खालून कापून घ्या. मला वाटलं यांचं ऐकलं नाही तर आणखी काही बिनसेल. म्हणून मी उठून कात्री आणली. खाली वाकले, तेवढ्यात आतून आवाज आला, चांगला खणखणीत, की कापायचा नाही, आत माझं घर आहे. आणि पडदा बाजूला करून ती बाहेर आली, माझ्या हातातली कात्री काढून घेतली, आणि बाईंना म्हणाली की ह्यांना सुई पण ओवता येत नाही, मी गेले तर ह्या काय करतील?

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या की कागद पुढे पाठवते. मिठाचा चहा त्यांनी संपवला, बिचाऱ्यांनी.

घड्याळजी मधल्या जिन्यावर बसून सगळं ऐकत होते. त्या दिवशी किल्ली द्यायचीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातली सगळी घड्याळं बंद! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती अजून पडद्यामागे जाते, पण आता आतून बडबड चालू असते. समोरच्या डॉक्टरांच्या पेशंटना तोंड उघडून दाखवते. तपकिरी तुकड्यांची मी पायपुसणी केली, त्यावर तिने बूट पुसून मान्यता दिली.

आज मी किती दिवसांनी दुपारी झोपले, शिवता शिवता तिथेच पडद्यापाशी. जाग आली तेव्हा पांघरूण घातलेलं होतं. पडदाच होता, ओढून माझ्यापर्यंत आणलेला. लांब आहे म्हणून पुरला.

भावोजींना बादल्यांबद्दल क्षमा मागते. तुला काय लिहू, ते तू समजून घे.

तुझी,
चिमणी


२४ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र आधी मी वाचलं, मग भावोजींनी मोठ्याने वाचलं, मग सोफेवाल्याला वाचून दाखवलं. तो मध्येच उठून आत गेला आणि निळ्या कापडाचं अख्खं पुस्तक घेऊन आला. आता भावोजींनी स्वतःहून बादली आणून ठेवली आहे.

मुलीचा पंजा कागदावर ठेवून, बोटं फाकवून, पेन्सिलीने आखून पाठव. यापुढे तुमच्या घरचं माप त्याच वितीने घेईन. तुझ्या वितीवर माझा विश्वास उरलेला नाही.

जास्त लिहीत नाही, डोळे भरून येताहेत आणि अक्षर फिसकटतंय. सिस्टरांनी पुन्हा लिहायला लावलं असतं.

घड्याळजींना आशीर्वाद.

लहानांस अनेक आशीर्वाद.

तुझी,
ताई