दोनदा धुतलेली माती

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढा). तुझे गुडघे आणि मेव्हण्यांचा खोकला एकमेकांना सांभाळून असतील.

इकडे नातीची काळजी आहे. आपल्या लाँड्रीतलं मशीन सुरू झालं की कानांवर हात, फ्रॉकचं लेबल टोचलं की भोकाड, कोणी हात धरला की लोळण. माझाही धरू देत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. सुनेने तिला बालतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हिला रोज मातीत, गवतात अनवाणी सोडा. बाहेरचं ऊन, वारा, चिखल अंगवळणी पडला की बाकीचंही सोसायला लागेल, जीव थाऱ्यावर येईल. ताई, चिखलाच्या जिवावर आपलं घर चाललं, मी कृतघ्न नाही. पण त्याला नातीच्या अंगाला लावायचं म्हणजे धंद्याच्या तत्त्वात बसेना. म्हणून मी मधला मार्ग काढला. घमेलंभर माती आणली, चाळली, मोरीत दोनदा धुतली (पहिल्यांदा साबण जास्त पडला). सोबत आणलेली झाडाची पानं इस्त्रीने सरळ केली. धुतल्यावर घमेल्यात खडे तेवढे उरले. ते चादरीवर मांडले, तर नात वास घेऊन शिंकली आणि कपाटात जाऊन बसली.

वाहून गेलेली माती मोरीच्या पाइपात बसली होती. प्लंबर आला, त्याने घरामागची जागा कमरेइतकी खणली आणि ओल्या मातीचा हा ढीग घातला. कपाटातून नात कधी निघाली कळलं नाही. प्लंबर म्हणाला, "आजोबा, पोरगी चिखलात शिरलीय, काढू का?" सून म्हणाली, "हात लावू नका." दुपारभर ती एकटीच थापत, उकरत, स्वतःशी बोलत बसली. आत मशीन सुरू झालं. तिने नुसतं वळून पाहिलं. मग उठताना पाय रुतला, तेव्हा तिने आपणहून माझा हात धरला आणि घरात येईपर्यंत सोडला नाही. माझ्या पांढऱ्या शर्टाचं वाटोळं झालं. ताई, मला इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

तुझा,
भाऊ

ता. क. प्लंबरने खड्डा बुजवून वर सिमेंट फासलं (माणूस कामाला चोख). मेव्हणे फोनवर म्हणाले, तुम्ही नव्या घराच्या परसात फरशी बसवताय. गवंड्याला थांबव. नातीला सुट्टीभर तुझ्याकडे आणतो.

ता. क. २. सून म्हणते, तिला सोडून तुम्ही लगेच परत या, दुकान कोण बघणार. मी सांगितलं, तिथे रस्ता ओलांडताना पोरीचा हात धरायला कोणीतरी लागतं. तुझ्या घरासमोर रस्ताच नाही, हे सुनेला सांगू नकोस.