शेंडीवरचं पाणी

५ फेब्रुवारी १९७४, मंगळवार

विमानातला दिशा दाखवणारा काटा बरोबर होता म्हणे! मानसिंग स्वतःच चेअरमनना सांगून मोकळा झाला — "काटा बरोबर हुता साहेब. माझीच चूक." एअरफोर्सपासून ओळखतो मी या वैमानिकाला. असा माणूस पुण्याहून सांगलीला येताना धुरकटात उलटा वळतो काय, तेल संपेपर्यंत माणदेशावर फिरतो काय, आणि म्हसवडच्या माळावर चाक मोडून उतरतो काय! मी ज्याचा मिस्त्री, ते कारखान्याचं विमान वाचलं, तोही वाचला. आता सोमवारी बैठक. नोकरी जाणार, दुसरं काय!

विचारलं तर माझ्याकडे बघेना. "तू तुझं काम कर, लाला." एवढंच. असा राग आला!

६ फेब्रुवारी

विमान ट्रकवरून आलं. टपावरची शेंडी पार वाकलीय. अँटेनाला इथे सगळे शेंडीच म्हणतात, आता मीसुद्धा. नवी बसवायची. केबलही बदलून टाकतो.

७ फेब्रुवारी

हादरलोय. शेंडी काढून केबल ओढली — निम्मीच हातात आली! आतली तांब्याची जाळी हिरवी पडून भुगा झालेली. हे म्हसवडला पडून झालेलं नाही, कित्येक महिन्यांचं आहे.

बेळगावचं रेडिओ स्टेशन कुठल्या रेषेत आहे ते विमानाच्या पोटाखालची गोल अँटेना, म्हणजे लूप, सांगते. पण पुढे की मागे, हे शेंडी ठरवते. ती मेली की काटा खुशाल उलटा फिरतो. तसाच फिरला असणार! समोरचं बेळगाव मागे दिसलं, त्याला वाटलं आपण ओलांडून गेलो, म्हणून वळला.

मग हा गडी काटा बरोबर होता असं का सांगतोय?

शेंडीच्या बुडाशी बोट फिरवलं. चिकट, लालसर. वास घेतला — खोबऱ्याचा! कुंकू आणि नारळाचं पाणी!!

८ फेब्रुवारी

वॉचमन आकारामला धरला. "नारळ कोण फोडतंय? तूच ना?" ओरडलोच त्याच्यावर. तो मान खाली घालून म्हणाला, "म्या न्हाई, मिस्त्री. दर अवसंला वैनी येत्यात. तुमच्याच की." चाकापुढं नारळ फोडायचा, स्टुलावर चढून कुंकू लावायचं आणि पाणी शेंडीवर ओतायचं. "वैनी म्हन्त्यात, शेंडी हाय तितं डोस्कं. पाणी डोस्क्यावरच घालायचं."

विजयमाला! माझी बायको!  

९ फेब्रुवारी

तिला सांगितलं. ती म्हणाली, "आवं, दुरुस्ती झाली की तुमीबी भावजींसंगं वर जाता! मग मी घरात बसून काय करायचं?" मग विचारलं, "म्हंजी भावजी माझ्यामुळं पडलं?"

हो म्हणालो. खोटं कसं बोलू? जेवली नाही.

१० फेब्रुवारी

नवी शेंडी, नवी केबल बसवली. बुडाला चांगलं जाड रबर घातलं. काटा बेळगाव बरोबर दाखवतोय. उद्या बैठकीत सांगणार — पाणी मुरलं होतं, मानसिंगची चूक नाही. कुठलं पाणी, असं विचारलं तर? भर बैठकीत बायकोचं नाव घ्यायचं? सगळा कारखाना हसेल. तोंड कसं दाखवायचं?

११ फेब्रुवारी, सोमवार

मी पोचायच्या आधी तीच जाऊन उभी! डोक्यावर पदर, समोर एवढे सगळे पुरुष. "पाणी मी वतलं. भावजींला काढू नगासा."  कोणी हसलं नाही.  चेअरमन म्हणाले, राहू दे त्याला कामावर.

मानसिंग मात्र तिच्यावरच चिडला — "कशाला आलासा वैनी?"

१२ फेब्रुवारी

आज मानसिंगला गाठलंच. म्हणाला, "म्हसवडला खाली उतरून बघितलं, तवाच शेंडीच्या बुडाशी कुंकू दिसलं. अवसंला वैनी नारळ फोडत्यात ते मला ठावं हुतं. वैनीचं नाव कसं घिऊ? त्यो नारळ माझ्यासाठीबी हुता की रं, लाला."