चंदाचं ताट

सिल्वासा, ४ फेब्रुवारी २०२४

ती. दादांना चंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडते आणि तुम्ही भलतंच उत्तर देता. परवा मी विकीची बातमी सांगत होते, तर तुम्ही विचारलंत, म्हैस कधी व्याली? म्हणून हे पत्र.

तुमचा भाचा नाशिकच्या कंपनीत कायम झाला. त्याने आणि सूनबाई सोनीने चौथ्या मजल्यावर घर भाड्याने घेतलंय. इथं येऊन म्हणाला, आई, खाणावळ बंद कर. बाबा गेले तेव्हा माझ्यासाठी चूल पेटवलीस, आता मी कमावतो, आता कुणासाठी राबतेस?

मी हसले, पण ते बोलणं मनातून जात नाही. गलोंड्याच्या रस्त्यावरच्या कंपन्यांतली पोरं दोन्ही पाळ्यांना माझ्याकडे जेवतात, मासी मासी करत ताटं पुढं करतात. भाकरी थापताना मध्येच हात थांबतो. खरंच, कुणासाठी? तुम्ही मोठे, तुम्हीच सांगा.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची धाकटी,
चंदा

साक्री, १५ फेब्रुवारी २०२४

चि. चंदास अ. उ. आ.

पत्र पोचलं. आपल्याकडे म्हैसच नाही, तरी मी असं का विचारलं कोण जाणे!

अगं, जा की! आधी नवऱ्याचं दुखणं काढलंस, मग पोराला वाढवलंस. पोळ्याला बैलाचे खांदेसुद्धा लोण्याने मळतात, तू तर माणूस. मुलं मार्गी लागली की माणसाचं सार्थक झालं. मला बघ, एसटीतून सुटलो आणि सुखात आहे. रोज सकाळी स्टँडवर तेवढी चक्कर असते. नव्या कंडक्टरांना घंटी नीट मारता येत नाही, ती दाखवून येतो. तुझी वहिनी म्हणते, यांना घरात सुख टोचतं. तिचं मनावर घेऊ नको.

पोचल्याचं कळव. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझा,
कारभारी

नाशिक, २१ एप्रिल २०२४

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

इथं मला काही कमी नाही, तेच अवघड झालंय. सोनी गुणाची आहे. मी विळी घेतली की हातातून काढून घेते, म्हणते, आई, तुम्ही बसा. बसून बसून दिवस संपत नाही. चार मजले उतरते, चढते, पुन्हा उतरते. परवा बाजारात गेले आणि सवयीने पिशवीभर मेथी घेऊन आले. सोनी आधी हसली, मग तिने विकीकडे पाहिलं. ते पाहणं मला लागलं.

खालच्या देवळात भजनाला बसते. बायका म्हणतात, मन देवात गुंतवा. मी डोळे मिटते आणि मला भाताचा टोप दिसतो. ती पोरं काय खात असतील, दादा? उपाशीच राहत असतील. मी परत जाणार. विकी रागावलाय. तुम्हीही रागवा, पण माया तोडू नका.

चंदा

सिल्वासा, ९ जून २०२४

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

कुणीही उपाशी नाही. शेजारच्या केसरबाईने खाणावळ काढलीय, सगळी पोरं तिच्याकडे जेवतात. माझ्या हातच्या जेवणाची शपथ घेणारा संजू भरल्या तोंडाने म्हणाला, अरे मासी, किधर थी? आणि पुढचा घास घेतला.

खोलीत येऊन रडले. माझ्यावाचून यांचं अडत नाही, विकीचं अडत नाही. मग इतकी वर्षं मी कोण होते?

दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, वरण-बट्टी केली, वांग्याची भाजी घोटली. एकटीपुरती. बट्टी तुपातून काढली ती थेट ताटात घेतली आणि बसून खाल्ली. दादा, आजवर मी सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं गार खात आले. माझ्या हाताला अशी चव आहे हे लोक सांगायचे, मला माहीत नव्हतं. मी आणखी एक बट्टी घेतली.

दुसऱ्या दिवशी केसरबाईकडे गेले. तिची कंबर धरलेली, दोन्ही पाळ्या झेपत नाहीत. म्हटलं, रात्रीचं मी रांधते, पण पोरांच्या पंगतीत माझं ताट पहिलं. ती आधी हो म्हणाली, मग मोठ्याने हसली. विकीला सांगितलंय, कुणासाठी नाही रे, मला आवडतं म्हणून. त्याला पटलेलं नाही. मलाही अजून हे बोलायची सवय नाही.

तुमचा राग आला तर येऊ द्या, पत्र मात्र येऊ द्या.

चंदा

साक्री, २० जून २०२४

चि. चंदास अ. उ. आ.

तुला खडसवायचं म्हणून लिहायला बसलो होतो. तुझं पत्र वहिनीने वाचलं. संध्याकाळी तिने दोन ताटं वाढली आणि माझ्यासमोर जेवायला बसली. लग्नानंतर पहिल्यांदा. मी चोरून तिच्याकडे बघत होतो. भाजीचा घास घेतला की पाणी पीत होती. विचारलं तर हाताने खूण केली, तिखट लागतं. मला झणझणीत लागतं म्हणून जन्मभर ती तेच खात आलीय. आधी का सांगितलं नाहीस म्हटलं, तर माझ्या बहिऱ्या कानांसाठी ठेवलेल्या पाटीवर तिने लिहून दिलं, तुम्ही कधी विचारलं?

दुसऱ्या दिवशी भाजी मी केली, बिनतिखटाची. करपली. तिने खाल्ली आणि आणखी मागितली. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही, चंदा. तिच्या आवडीचं आणखी काय काय आहे ते एकेक विचारतोय, आणि प्रत्येक उत्तर मला नवीन आहे.

वहिनीचा आशीर्वाद. जेवत जा, पोटभर.

तुझा,
कारभारी